इंग्रजीच्या शिक्षकाची परीक्षा : भंडारा जिल्ह्याच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विचार

१

आपल्याकडे शिक्षणाचा इतिहास बहुधा खलिते, ठराव आणि आयोगांचे अहवाल यांच्या आधाराने लिहिला जातो. विद्यार्थ्यांच्या परीक्षांविषयीही अधूनमधून विवेचन होते. शिक्षकाला स्वतःला जी परीक्षा द्यावी लागते, तिच्या इतिहासाकडे मात्र फारसे कोणी वळत नाही. वस्तुतः हा इतिहास उद्बोधक आहे. विशिष्ट काळातील समाज शिक्षकाजवळ कोणते ज्ञान असावे असे मानतो, हे त्या काळच्या प्रश्नपत्रिकेतून जितके स्पष्ट कळते, तितके ठरावांतून कळत नाही. जे विचारले जाते ते ज्ञान ठरते. जे कधीच विचारले जात नाही ते, शिक्षकाजवळ असूनही, हळूहळू ज्ञानाच्या पंक्तीतून उठून जाते.

इंग्रजीच्या शिक्षकाच्या बाबतीत हे विशेष खरे आहे. प्रस्तुत निबंधात भंडारा जिल्हा डोळ्यांसमोर ठेवून या परीक्षेच्या प्रवासाचा विचार करावयाचा आहे. जिल्हा निवडण्याचे कारण असे की गेल्या शतकाहून अधिक काळात या जिल्ह्यातील शिक्षकाला आपली पात्रता सिद्ध करण्यासाठी ज्या गावाकडे पाहावे लागले, ते गाव अनेक वेळा बदलले. प्रथम जबलपूर, मग नागपूर, त्यानंतर हैदराबाद, आणि अलीकडे उच्च आंतरराष्ट्रीय पात्रतेच्या निमित्ताने केंब्रिज. केंद्र बदलले तशी ज्ञानाची व्याख्याही बदलली. या सर्व बदलांत एक गोष्ट मात्र कायम राहिली : वैनगंगेच्या खोऱ्यातील शिक्षक आपल्या विद्यार्थ्यांच्या बोलीविषयी जे जाणतो, ते या परीक्षांनी त्याला सहसा विचारले नाही.

२

नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५३ मध्ये तिसऱ्या रघूजीच्या मृत्यूनंतर खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्यप्रांताची निर्मिती झाली. भंडारा हा त्या प्रांताच्या मराठी भागातील पूर्वेकडचा जिल्हा. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ पर्यंत त्यातच समाविष्ट होता. नागपूर विद्यापीठ १९२३ मध्ये स्थापन होईपर्यंत नागपूरची महाविद्यालये प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. म्हणजे भंडाऱ्याच्या विद्यार्थ्याने घरी मराठी बोलावी आणि त्याच्या विद्वत्तेवर मोहोर मात्र गंगेकाठच्या विद्यापीठाने उमटवावी, अशी व्यवस्था होती.

शिक्षकांच्या प्रशिक्षणाची गरज १८५४ च्या वुडच्या खलित्यातच मान्य झाली होती. तथापि खलित्याचा भर प्रामुख्याने देशी भाषांच्या शाळांतील शिक्षकांवर होता. इंग्रजी शाळेत शिकविणाऱ्याला इंग्रजी येते एवढे पुरे, अशी समजूत पुढेही बराच काळ टिकून राहिली. १८८२ च्या हंटर आयोगाने या समजुतीला प्रथम धक्का दिला. अध्यापनाची तत्त्वे व प्रत्यक्ष अध्यापन या विषयांची परीक्षा घ्यावी, आणि ती उत्तीर्ण झाल्यावाचून माध्यमिक शाळेत कोणालाही कायम नेमणूक देऊ नये, अशी त्याची शिफारस होती. १९०४ च्या कर्झनकालीन ठरावाने पदवीधरांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण महाविद्यालयाला जोडलेली सरावशाळा यांचा पुरस्कार केला. १९१३ च्या ठरावात तर, पात्रतेचे प्रमाणपत्र नसलेल्या कोणालाही अखेरीस शिकवू देऊ नये, असे ध्येय नमूद झाले.

मध्यप्रांतात हे प्रमाणपत्र मिळविण्याचे मुख्य ठिकाण बराच काळ जबलपूर होते. तेथील स्पेन्स ट्रेनिंग कॉलेज प्रांतातील माध्यमिक शिक्षकांना तयार करी. गोंदियाहून नैनपूरमार्गे जबलपूरला जाणारा नॅरोगेज लोहमार्ग १९०३ ते १९०५ या काळात सुरू झाला. आता ब्रॉडगेज झालेला हा मार्ग भंडारा जिल्ह्याला प्रांताच्या उत्तर भागाशी थेट जोडणारा दुवा होता. भाषेच्या दृष्टीने पाहिले तर हा प्रवास मराठीतून हिंदीत होणारा होता. जबलपूरच्या सरावशाळेत समोर बसलेले विद्यार्थी हिंदी बोलत. मराठी मुलाला इंग्रजी शिकविताना येणाऱ्या अडचणी तेथे साहजिकच अभ्यासक्रमाच्या केंद्रस्थानी येऊ शकत नव्हत्या.

त्या काळच्या परीक्षार्थीच्या हाती कोणती पुस्तके असत, याचा विचार केला म्हणजे परीक्षेचे स्वरूप अधिक उलगडते. एका बाजूला मराठी मुलखात घरोघर पोचलेली तर्खडकरांची भाषांतर पाठमाला होती. तिच्यात इंग्रजी वाक्याला मराठी वाक्य आणि मराठी वाक्याला इंग्रजी वाक्य भिडविण्याची शिस्त होती. दुसऱ्या बाजूला युरोपातून आलेली प्रत्यक्ष पद्धती होती. मातृभाषेचा आधार न घेता वस्तू, कृती व संभाषण यांच्या द्वारा भाषा शिकवावी, असे तिचे म्हणणे. मुंबई इलाख्याच्या शिक्षणखात्यात काम केलेले पी. सी. रेन आज रेन-मार्टिनच्या व्याकरणामुळे लक्षात आहेत. पण त्यांनीच भारतीय शाळांतील प्रत्यक्ष पद्धतीवर पुस्तक लिहिले होते, ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. १९२३ मध्ये थॉम्पसन व वायट यांचे भारतातील इंग्रजी अध्यापनावरील पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ते पुढे अनेक वर्षे प्रशिक्षणार्थींच्या वाचनात राहिले. शिक्षक स्वतः पाठमालेवर वाढलेला आणि परीक्षेत प्रशंसा करावयाची ती प्रत्यक्ष पद्धतीची, अशा दुहेरी भूमिकेची सुरुवात येथे झाली. परीक्षेत एक सांगावे आणि वर्गात दुसरे करावे, ही आपल्या प्रशिक्षणाची जुनी व्याधी तेव्हापासूनची आहे.

३

भारत सरकारचा उपरोक्त ठराव १९१३ मध्ये निघाला, त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एका परीक्षेचा आरंभ झाला. केंब्रिज विद्यापीठाच्या स्थानिक परीक्षा मंडळाने 'सर्टिफिकेट ऑफ प्रोफिशिअन्सी इन इंग्लिश' ही परीक्षा सुरू केली. परदेशातील शाळांत इंग्रजी शिकवू इच्छिणाऱ्या परकीय व्यक्तींना आपल्या भाषाज्ञानाचा पुरावा देता यावा, हा तिचा मूळ हेतू. अर्थात ही आरंभी भावी शिक्षकाची परीक्षा होती. पहिल्या वर्षी तीन उमेदवार बसले आणि तिन्ही अनुत्तीर्ण झाले.

या परीक्षेचा आराखडा बारकाईने पाहण्यासारखा आहे. एकूण सुमारे १२ तासांची ही परीक्षा. इंग्रजीतून फ्रेंच किंवा जर्मन भाषेत भाषांतरासाठी २ तास. त्या भाषांतून इंग्रजीत भाषांतर व इंग्रजी व्याकरण यांसाठी अडीच तास. निबंधासाठी २ तास. साहित्यासाठी ३ तास. ध्वनिशास्त्रासाठी दीड तास. आणि तोंडी भागात श्रुतलेखन, वाचन व संभाषण यांसाठी एकूण १ तास. म्हणजे १२ तासांपैकी साडेचार तास दोन भाषांमधील व्यवहाराशी निगडित होते, आणि दीड तास उच्चाराच्या शास्त्रासाठी राखून ठेवलेला होता.

या आराखड्यामागील गृहीतक स्पष्ट आहे. परकीय भाषेचा शिक्षक हा दोन भाषांच्या सीमेवर उभा असणारा मनुष्य आहे, आणि त्याची परीक्षा त्या सीमेवरच घ्यावयास हवी. दोष एवढाच होता की सीमेपलीकडची भाषा फ्रेंच किंवा जर्मन असू शकत होती. मराठी, हिंदी वा तमिळ यांना त्या परीक्षेत स्थान नव्हते. भारतातील शिक्षकासाठी ही परीक्षा योजलेली नव्हती, हे खरेच. तथापि शिक्षकाच्या ज्ञानाविषयी तिच्यात जी कल्पना अंतर्भूत होती, ती आपल्या उपयोगाची होती. तिचे पुढे काय झाले ते पाहू. उमेदवारांची संख्या अनेक वर्षे नगण्य राहिल्यामुळे १९३२ मध्ये परीक्षेची फेररचना झाली आणि ध्वनिशास्त्राची प्रश्नपत्रिका गळाली. परीक्षा भावी शिक्षकांपुरती न राहता सर्वसाधारण प्रावीण्याची झाली. १९७० नंतरच्या पुनर्रचनांत भाषांतरही मुख्य परीक्षेतून बाहेर पडले. म्हणजे शिक्षकाच्या विशेष ज्ञानाची म्हणून जी दोन अंगे आरंभी मानली गेली होती, तीच क्रमाने वगळली गेली.

४

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडील परिस्थिती मूलतः पालटली. मराठी व हिंदी या भाषांना उच्च शिक्षणाचे माध्यम करण्याच्या प्रयोगात नागपूर विद्यापीठ अग्रेसर होते. हा बदल योग्यच होता. परंतु त्याचा इंग्रजीच्या शिक्षकावर झालेला परिणाम पुरेसा ध्यानी घेतला गेला नाही. इंग्रजी हे माध्यम होते तेव्हा इतिहास, भूगोल व गणित शिकविणारे सर्वच शिक्षक नकळत इंग्रजीही शिकवीत असत. माध्यम बदलताच हा सारा भार एका विषयाच्या एका शिक्षकावर आला. पूर्वी जे दिवसभराच्या सहवासाने साधत होते, ते आता ठरावीक तासिकांत साधावयाचे होते. अशा वेळी केवळ इंग्रजी साहित्याची पदवी पुरेशी ठरणार नाही, अध्यापनाचे स्वतंत्र शास्त्र हवे, ही जाणीव प्रबळ झाली.

विद्यापीठ अनुदान मंडळाने १९५५ मध्ये हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने इंग्रजीच्या अध्यापनाचा प्रश्न हाती घेतला. मद्रास राज्यात १९५२ पासून वाक्यरचनांच्या क्रमावर आधारलेला अभ्यासक्रम आला होता. त्याच राज्यात १९५९ च्या सुमारास सुमारे २७,००० शिक्षकांना साखळी पद्धतीने प्रशिक्षण देण्याचा प्रचंड उद्योग हाती घेण्यात आला. १९५८ मध्ये हैदराबाद येथे सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश ही संस्था स्थापन झाली. तिच्या आरंभीच्या काळात संचालकपद भूषविणारे विनायक कृष्ण गोकाक हे कन्नडचे थोर कवी. पण पुण्याचे फर्ग्युसन, सांगलीचे विलिंग्डन आणि कोल्हापूरचे राजाराम या महाविद्यालयांशी असलेल्या संबंधामुळे ते महाराष्ट्रालाही परके नव्हते. १९७२ मध्ये इतर परकीय भाषांचा समावेश होऊन संस्थेचे नाव बदलले, १९७३ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला आणि २००७ मध्ये तिचे केंद्रीय विद्यापीठ झाले.

याच सुमारास भंडारा जिल्ह्याची राजकीय दिशाही बदलली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. जबलपूर आता परराज्यात गेले. १९५८ मध्ये मनोहरभाई पटेल यांनी गोंदिया शिक्षण संस्था स्थापन केली आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागात माध्यमिक शिक्षणाचा विस्तार होऊ लागला. शाळा वाढल्या, तशी इंग्रजीच्या शिक्षकांची मागणीही वाढली. ज्याला बी. टी. किंवा पुढे बी. एड. च्या पलीकडे जाऊन या विषयातील उच्च पात्रता मिळवावयाची होती, त्याच्या दृष्टीने नागपूर-बल्लारशा-काझीपेठ हा हैदराबादचा मार्ग महत्त्वाचा ठरला.

हैदराबादच्या पदविकेचे मोठे कार्य असे की तिने ध्वनिशास्त्र व भाषाविज्ञान यांना इंग्रजी शिक्षकाच्या अभ्यासात मानाचे स्थान दिले. केंब्रिजने १९३२ मध्ये जे वगळले, ते येथे भारतीय गरजेतून परत आले. रा. कृ. बन्सल यांचे भारतीय इंग्रजीच्या सुबोधतेवरील संशोधन आणि बन्सल व हॅरिसन यांचे भारतीयांसाठी लिहिलेले बोलक्या इंग्रजीवरील पुस्तक ही त्या परंपरेची फळे होत. येथे प्रथमच भारतीय विद्यार्थ्याचा उच्चार हा शास्त्रीय निरीक्षणाचा विषय झाला. आपल्या घराजवळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजमध्ये १९५० च्या दशकात भरू लागलेल्या भाषाविज्ञानाच्या वर्गांनीही हीच दृष्टी रुजविली. अशोक केळकर यांनी मराठीच्या स्वनव्यवस्थेचे व रूपव्यवस्थेचे केलेले विश्लेषण आणि ना. गो. कालेलकर यांचे 'ध्वनिविचार' (१९५५) यांमुळे मराठीच्या बाजूचे शास्त्रीय वर्णनही उपलब्ध झाले. दोन्ही तीर आता आखले गेले होते. त्यांमध्ये पूल बांधणे एवढेच उरले होते.

५

हा पूल का बांधला गेला नाही, याचे उत्तर त्या काळच्या एका शास्त्रीय वादात सापडते. अमेरिकेत चार्ल्स फ्राइज यांनी १९४५ मध्ये असे प्रतिपादन केले की उत्तम अध्यापनसामग्री तयार करण्यासाठी शिकावयाच्या भाषेच्या वर्णनाची विद्यार्थ्याच्या मातृभाषेच्या वर्णनाशी काळजीपूर्वक तुलना करावयास हवी. रॉबर्ट लाडो यांनी १९५७ मध्ये या तुलनेचे तंत्र सविस्तर मांडले. उलट, एफ. जी. फ्रेंच यांनी १९४९ मध्ये इंग्रजीतील सर्वसामान्य चुकांवर लिहिताना असे दाखविले की अगदी भिन्न भाषा बोलणारे विद्यार्थी इंग्रजीत सारख्याच चुका करतात. म्हणून त्यांचे मूळ मातृभाषेत शोधण्याऐवजी इंग्रजीच्याच रचनेत शोधावे. पुढे पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्ये चूक ही विद्यार्थ्याच्या मनातील नियमांचा पुरावा आहे असे मांडले, आणि लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये या मधल्या अवस्थेला 'अंतरभाषा' हे नाव दिले.

या वादाचा निकाल एका बाजूने लागण्यासारखा नव्हता, हे आपल्या वर्गातील एका वाक्यावरून सहज दाखविता येते. 'मी येथे पाच वर्षांपासून राहतो' हे मराठी वाक्य घ्या. विद्यार्थी लिहितो : 'आय लिव्ह हिअर सिन्स फाइव्ह इयर्स.' इंग्रजीला अपेक्षित आहे : 'आय हॅव लिव्ड हिअर फॉर फाइव्ह इयर्स.' येथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. पूर्वी सुरू होऊन अद्याप चालू असलेल्या क्रियेसाठी मराठीला वर्तमानकाळ पुरतो. इंग्रजीला पूर्ण वर्तमानाचे रूप लागते. शिवाय आरंभबिंदू आणि कालावधी या दोहोंना मराठीत '-पासून' हा एकच प्रत्यय चालतो : '१९६० पासून' आणि 'पाच वर्षांपासून'. इंग्रजीत मात्र पहिल्यासाठी 'सिन्स' आणि दुसऱ्यासाठी 'फॉर' अशी वाटणी आहे. आता अशीच चूक अन्य भाषा बोलणारे विद्यार्थीही करतात, हे फ्रेंच यांचे म्हणणे खरे असू शकते. पण समोरच्या विद्यार्थ्याला ती का होते आणि ती दूर करण्यासाठी नेमके काय सांगावे, हे '-पासून' चा व्यवहार जाणणाऱ्या शिक्षकालाच सुचेल. चुकीचे वर्णन सार्वत्रिक असेल. उपचार मात्र स्थानिकच असावा लागतो.

दुर्दैवाने याच सुमारास धोरणाचा कल निराळ्या दिशेने झुकला. १९६१ मध्ये युगांडातील मकेरेरे येथे राष्ट्रकुलातील इंग्रजी अध्यापनाविषयी परिषद झाली. इंग्रजी ही इंग्रजीतूनच शिकविली जावी, ही धारणा त्या परिषदेच्या निष्कर्षांतून दृढ झाली, असे रॉबर्ट फिलिप्सन यांनी १९९२ मध्ये टीका करताना दाखवून दिले. १९६२ मध्ये लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी शिक्षकांसाठी अल्पमुदतीचा व्यावहारिक अभ्यासक्रम सुरू केला. त्याच्यासमोरील वर्गात निरनिराळ्या देशांचे विद्यार्थी एकत्र बसत. त्यांना समान अशी दुसरी भाषाच नव्हती. तेथे मातृभाषेचा वापर न करणे ही परिस्थितीची निकड होती. या परंपरेतून आणि रॉयल सोसायटी ऑफ आर्ट्सच्या परीक्षांतून आजच्या आंतरराष्ट्रीय पात्रता विकसित झाल्या. सोसायटीच्या या परीक्षा १९८८ मध्ये केंब्रिजकडे आल्या. लंडनच्या वर्गाची निकड अशा रीतीने जगाचा नियम बनली.

६

सांप्रत इंग्रजी अध्यापनातील उच्च पात्रता म्हणून केंब्रिजची 'डेल्टा' ही पदविका सर्वत्र ओळखली जाते. २००८ पासून तिचे तीन स्वतंत्र विभाग आहेत. पहिल्या विभागात लेखी परीक्षा, दुसऱ्यात प्रत्यक्ष अध्यापन आणि तिसऱ्यात विस्तृत प्रबंधिका. लेखी परीक्षेत प्रत्येकी दीड तासाच्या दोन प्रश्नपत्रिका असतात, आणि तीस बसण्यासाठी कोणताही अभ्यासक्रम पूर्ण करण्याची सक्ती नाही. त्यामुळे मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या शिक्षकालाही स्वतःच्या बळावर तिची तयारी करता येते. साकोली किंवा लाखांदूर येथील शिक्षकाच्या दृष्टीने ही सोय सामान्य नव्हे.

या लेखी परीक्षेची तयारी म्हणजे प्रायः पारिभाषिक संज्ञांची यादी पाठ करणे, असे मानण्याचा प्रघात पडला आहे. संज्ञा विचारल्या जातात हे खरे. पण त्याच परीक्षेत विद्यार्थ्याचे प्रत्यक्ष लेखन वा बोलणे देऊन त्यातील गुणदोषांचे विश्लेषण करावयास सांगितले जाते; शब्द वा वाक्यरचना यांचे रूप, अर्थ, वापर व उच्चार या अंगांनी विवरण मागितले जाते; पाठ्यसामग्रीमागील गृहीतके ओळखावी लागतात. ज्याने आपल्या विद्यार्थ्यांच्या वह्या शास्त्रीय दृष्टीने वाचल्या आहेत, त्याला या प्रश्नांची तयारी निराळी करावी लागत नाही.

याच्या तुलनेत आपली स्वतःची पात्रतापरीक्षा पाहावी. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानंतर आलेल्या शिक्षक पात्रता परीक्षेत प्राथमिक स्तरावरील प्रश्नपत्रिका १५० गुणांची असून तिचे प्रत्येकी ३० गुणांचे पाच भाग आहेत. त्यांपैकी पहिली भाषा व दुसरी भाषा हे दोन भाग आहेत. मराठी आणि इंग्रजी या दोन्ही भाषा एकाच उमेदवाराला एकाच दिवशी विचारल्या जातात. पण त्या दोहोंमधील संबंधाविषयी विचारण्यास या विभागणीत जागाच नाही. महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून पहिल्या इयत्तेतच इंग्रजी आलेली असताना ही उणीव अधिकच जाणवते. सहा वर्षांचे मूल दोन्ही भाषा एकाच शिक्षकाकडून शिकते. आणि त्या शिक्षकाच्या ज्ञानाची मोजणी मात्र दोन बंद पेट्यांत केली जाते.

भंडारा जिल्ह्यात तर प्रश्न दोन भाषांपुरताही मर्यादित नाही. येथील मुले झाडीबोली बोलतात. काहींच्या घरी पोवारी, कोष्टी, गोंडी वा हिंदी असते. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्या दीर्घ परिश्रमाने झाडीबोलीचे स्वरूप अभ्यासकांपुढे आलेले आहे. या बोलीत प्रमाण मराठीतील 'श' च्या ठिकाणी 'स' येतो ('शेत' चे 'सेत'), 'ण' चा 'न' होतो, आणि 'ळ' च्या जागी 'र' येतो ('डोळा' चे 'डोरा'). यांतील पहिली गोष्ट इंग्रजीच्या शिक्षकाला अत्यंत महत्त्वाची आहे. प्रमाण मराठीच्या आधारे केलेली तुलना सांगेल की मराठी भाषकाला इंग्रजीतील 'श' व 'स' यांतील भेद अवघड नाही, कारण त्याच्या भाषेत दोन्ही आहेत. लाखांदूरच्या मुलाच्या बोलीत ते दोन्ही नाहीत. म्हणून 'शिप' आणि 'सिप', 'शी' आणि 'सी' या जोड्या त्याला एकसारख्या ऐकू येण्याचा संभव आहे. पुण्यात किंवा हैदराबादेत तयार झालेली यादी येथे अपुरी पडते. ती पुरी करण्याचे काम त्या वर्गात उभा असलेला शिक्षकच करू शकतो.

येथे एका गैरसमजाचे निराकरण करणे अवश्य आहे. बोलीचा 'स' हा अशुद्धपणा आहे, आधी मराठी सुधारा आणि मग इंग्रजीकडे वळा, अशी उपदेशाची भाषा शाळांतून ऐकू येते. भाषाविज्ञानाच्या दृष्टीने हे म्हणणे टिकत नाही. झाडीबोलीची स्वनव्यवस्था स्वयंपूर्ण आहे; तिच्यात एका भेदाला अर्थभेदक मूल्य नाही, एवढेच. ज्या मुलाला शाळेत 'श' व 'स' यांचा भेद प्रथम प्रमाण मराठीसाठी शिकावा लागला, त्याला तोच भेद इंग्रजीतही आहे हे दाखवून दिले तर दोन्ही भाषांचे शिक्षण परस्परांना साहाय्यक होईल. बोलीला दूषण देणाऱ्या शिक्षकाच्या हातून ही संधी निसटते, आणि मूल मात्र दोन्ही भाषांच्या तासाला गप्प बसते.

७

आता उच्च पात्रतेच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी काय करावे, याविषयी दोन शब्द लिहिणे अप्रस्तुत होणार नाही. संज्ञा पाठ कराव्यात. पण प्रत्येक संज्ञेसमोर आपल्या वर्गातील एक उदाहरण लिहावे. विद्यार्थ्यांच्या वह्यांतील वाक्ये जशीच्या तशी उतरवून घ्यावीत आणि प्रत्येकाखाली तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत : इंग्रजीचा नियम कोणता, विद्यार्थ्याच्या बोलीत वा मराठीत त्या जागी काय आहे, आणि ही चूक केवळ आपल्याकडचीच की सार्वत्रिक. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर देताना फ्रेंच यांची आठवण ठेवावी. प्रत्येक दोषाचे खापर मातृभाषेवर फोडण्याचा मोहही शास्त्रीय नव्हे. अशी शंभर वाक्यांची वही तयार झाली, तर ती परीक्षेला उपयोगी पडेलच. शिवाय एखाद्या प्रबंधाचे बीजही तिच्यात सापडेल.

परीक्षकांच्या बाजूनेही हवा बदलू लागली आहे. गाय कुक यांनी २०१० मध्ये भाषाध्यापनातील भाषांतराची बाजू साधार मांडली. युरोपीय परिषदेच्या भाषाविषयक आराखड्याला २०१८ मध्ये जोडलेल्या पूरक खंडात एका भाषेतील आशय दुसरीत पोचविण्याच्या मध्यस्थीच्या क्षमतेची सविस्तर वर्णने आली. १९१३ च्या उमेदवाराकडून जे साडेचार तास अपेक्षिले गेले होते, त्याचे महत्त्व अशा रीतीने शतकानंतर पुन्हा मान्य होत आहे. मात्र युरोपने मान्य केले म्हणून ते आपण स्वीकारावे, असे येथे सुचवावयाचे नाही. तर्खडकरांच्या पाठमालेवर वाढलेल्या शिक्षकांच्या पिढ्यांना दोन भाषांमधील हा व्यवहार येतच होता. त्यांच्याकडे उणीव होती ती शास्त्रीय वर्णनाची. ते वर्णन आज उपलब्ध आहे.

विद्यापीठीय विभागांवर यातून एक कर्तव्य येऊन पडते. आपल्या एम. ए. व बी. एड. च्या इंग्रजी अध्यापनाच्या प्रश्नपत्रिकेत एक तरी प्रश्न असा असावा की ज्याचे उत्तर देण्यासाठी उमेदवाराला आपल्या जिल्ह्यातील बोली माहीत असावी लागेल. एवढ्या लहान बदलाने प्रशिक्षण महाविद्यालयांतील व्याख्याने बदलतील, कारण अध्यापन नेहमीच परीक्षेच्या मागोमाग चालते. जबलपूर, नागपूर, हैदराबाद आणि केंब्रिज या चारही ठिकाणांनी भंडाऱ्याच्या शिक्षकाला काही ना काही दिले आहे, आणि ते कृतज्ञतेने स्वीकारले पाहिजे. परंतु पवनीच्या किंवा तुमसरच्या वर्गात पहिल्या बाकावरील मूल 'शिप' ला 'सिप' का म्हणते, हा प्रश्न त्यांपैकी कोणीही त्याला विचारला नाही. तो प्रश्न विचारण्याची जबाबदारी आपली आहे.